काथ्याचे लोड, गाळ-पडदा आणि फॉस्फेटचं किट: कळंब्याच्या वरच्या अंगाला काय टिकतं, काय वाहून जातं

तळं वाचवण्याच्या नावाने बाजारात जे विकायला असतं, त्याचे सरळ दोन भाग पडतात. काही वस्तू तळ्यात टाकायच्या असतात, काही तळ्याकडे येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर लावायच्या असतात. घाई असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो: पहिल्या प्रकारावर सोसायटीचा एक रुपयाही घालू नका. दुसऱ्या प्रकारातल्या चार-पाच वस्तू घेण्यासारख्या आहेत, पण चुकीच्या जागी लावल्या तर त्याही वाया.

हे परीक्षण कोल्हापूरचा कळंबा तलाव डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. कात्यायनीच्या डोंगराकडून ओढ्यांनी पाणी येतं, तलावातलं पाणी शहराच्या काही भागाला आणि कळंबा गावाला प्यायला जातं, तलाव भरला की सांडव्यावरून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत उतरतं. शहरातल्या रंकाळा तलावाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे शहर तळ्याला चिकटून बसलंय, त्यामुळे दुखणं मुख्यतः सांडपाण्याचं आहे. रंकाळ्यात सांडपाणी आणणाऱ्या शाम सोसायटीच्या नाल्याबद्दल कोल्हापुरात कुणाला नव्याने सांगायला नको. कळंब्याच्या वरच्या अंगाला मात्र ऊस, गोठे, उघडा मुरूम आणि नव्याने खणलेले प्लॉट असं सगळं मिसळलेलं आहे. म्हणून इथे माती अडवणाऱ्या वस्तूंना अर्थ आहे, आणि म्हणूनच त्यांच्या मर्यादाही नीट कळायला हव्यात.

सगळ्याच्या मुळाशी फॉस्फरस. गोड्या पाण्यात शेवाळाला बाकीचं बहुतेक सगळं मिळतं, फॉस्फरस तेवढा तोकडा पडतो. तो मिळाला की एका किलोमागे पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ तयार होऊ शकतं. तळ्यात लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या वर एकूण फॉस्फरस गेला की पाणी हिरवं व्हायची तयारी झाली असं समजायचं. उसाला टाकलेली डीएपी आणि १०:२६:२६ ही खतं, गोठ्याचं शेण, मैला, साबण या सगळ्यांतून तो येतो. आणि येताना त्यातला बराचसा विरघळून नव्हे, तर मातीच्या बारीक कणांना चिकटून येतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढचा अर्धा निकाल त्यावर आहे.

काथ्याचे लोड, म्हणजे कॉयर लॉग

नारळाच्या काथ्याचा गच्च भरलेला लांब लोड, वरून काथ्याच्याच दोरीची जाळी. अलप्पुळा आणि पोल्लाची भागातून माल येतो. व्यास २० किंवा ३० सेंटिमीटर, लांबी बहुधा ३ मीटर. उतारावर आडवा बसवला की पाणी त्याला टेकून मंदावतं, माती मागे बसते, पाणी काथ्यातून झिरपून पुढे जातं. दोन-चार पावसाळ्यांत कुजून मातीत मिळतो, प्लॅस्टिक मागे राहत नाही. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन.

घेताना घनता बघा, व्यास नव्हे. ३० सेंटिमीटरचा बरा लोड घनमीटरला ११२ किलोच्या आसपास भरलेला असतो, चांगला १४४ च्या आसपास. हिशेब मांडला तर ३ मीटरच्या कोरड्या लोडाचं वजन अनुक्रमे २४ आणि ३० किलो यायला हवं. दुकानात ताणकाट्याला लावा. १४-१५ किलो भरला तर आत काथ्या कमी आणि हवा जास्त. असला लोड पहिल्याच जोराच्या पावसात चपटा होतो आणि पाणी वरून उडी मारतं. हात लावून पाहायची खूणही आहे: अंगठ्याने जोरात दाबल्यावर दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त आत गेला तर नको.

बसवण्यात नव्वद टक्के लोक एकच चूक करतात. लोड जमिनीवर नुसता ठेवतात आणि पुढून-मागून दगड लावतात. पाणी त्याच्या पोटाखालून वाट काढतं आणि लोडाच्या खाली उलट नवी घळ पडते. ५ ते ८ सेंटिमीटर खोल चर काढून लोड त्यात बसलाच पाहिजे, आणि चढाच्या बाजूने निघालेली माती पायाने दाबून भरली पाहिजे. रेघ समपातळीवर हवी. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी काढतो तशीच काढा. डोळ्याने धरलेली रेघ हमखास एका टोकाला कलते आणि सगळं पाणी तिथे गोळा होतं. दोन्ही टोकं चढाकडे अर्धा-पाऊण मीटर वळवून घ्या, नाहीतर पाणी कडेने पळतं. दोन लोड जुळतात तिथे टोकाला टोक घट्ट भिडवा किंवा एकमेकांवर ३० सेंटिमीटर चढवा.

खुंट्या बांबूच्या, ९० सेंटिमीटर लांब, निम्म्याहून जास्त जमिनीत, दर ६० ते ९० सेंटिमीटरला एक. आपल्याकडच्या मुरमात बांबू सरळ ठोकला तर डोकं फाटतं, शिरत काही नाही. आधी पहारीने भोक पाडा, मग खुंटी घाला. खुंटी लोडाच्या मधून नको, दोन्ही अंगांना समोरासमोर हवी, आणि वरून काथ्याची दोरी तिरकी ओढून बांधायची. कारण साधं आहे: कोरडा काथ्या तरंगतो. वळवाची पहिली सर आली की न बांधलेला लोड उचलला जातो आणि खालच्या मोरीत जाऊन अडकतो. बसवल्या दिवशी दोन-चार बादल्या पाणी मारून भिजवून ठेवला तर हा धोका कमी होतो.

रस्त्याकडेच्या कच्च्या गटारीत एकामागे एक लावायचे असतील तर वरच्या लोडाचा पाया आणि खालच्या लोडाचा माथा एका पातळीत आला पाहिजे. ३० सेंटिमीटरचा लोड पुरल्यावर साधारण २२ सेंटिमीटर वर राहतो. गटारीचा उतार शंभराला पाच असेल तर दोघांत अंतर ४.४ मीटर. त्याहून लांब लावले तर मधला तुकडा धुपत राहतो आणि मग लोक लोडाला नावं ठेवतात. वाहत्या ओढ्यात, नाल्याच्या मुख्य धारेत मात्र हे लावूच नका. तिथे पाण्याचा रेटा त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

आता दीड गुण कापला तो का, ते सांगतो. काथ्या वाळू आणि जाड गाळ अडवतो, चिकणमाती अडवत नाही. स्थिर पाण्यात दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. शतांश मिलिमीटरच्या गाळाच्या कणाला तीन-साडेतीन तास लागतात. सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला बारा-तेरा दिवस. लोडामागे पाणी थांबतं ते काही मिनिटं. म्हणजे फॉस्फरस ज्याला सर्वांत जास्त चिकटलाय तोच कण आरामात पार होतो. पडताळायचं असेल तर पाऊस चालू असताना लोडाच्या वरचं आणि खालचं पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत भरा आणि दहा मिनिटं ठेवा. वरच्या बाटलीत तळाला बोटभर रेती दिसेल, खालच्या बाटलीत रेती जवळपास नसेल. पण दहा मिनिटांनी दोन्ही बाटल्यांचं पाणी सारखंच चहाच्या रंगाचं राहील. विक्रेता हा दुसरा भाग दाखवत नाही.

मागे साठलेला गाळ लोडाच्या निम्म्या उंचीपर्यंत आला की काढायचा. जूनमध्ये बसवून दिवाळीला बघणाऱ्यांनी घेऊच नये. आणि काढलेला गाळ तिथेच काठावर ढीग करून ठेवणं म्हणजे पुढच्या सरीला त्याचं तिकीट काढून देणं. तो वरच्या बाजूच्या बागेत किंवा शेतात न्यायचा. खत म्हणून त्याची किंमत आहेच.

गाळ-पडदा

बांधकामाच्या प्लॉटच्या खालच्या कडेला उभा करायचा विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा पडदा. उंची ६० ते ९० सेंटिमीटर, खांब दोन मीटरला एक, खालचा १५ सेंटिमीटर कापड चरात पुरलेला. हिशेब लक्षात ठेवायला सोपा: एका गुंठ्याच्या पाण्याला निदान तीन मीटर पडदा. पाच गुंठ्यांच्या उघड्या प्लॉटवर वळवात तासाभरात ३० मिलिमीटर पाऊस झाला तर १५ हजार लिटर पाणी पडतं. तुडवून टणक झालेल्या मुरमावरून त्यातलं निम्मं जरी वाहिलं तरी साडेसात हजार लिटर. हे सगळं एका कोपऱ्यातल्या चार मीटर पडद्यावर आलं तर खांब वाकणारच.

नीट लावला तर पडदा लोडापेक्षा बारीक गाळ धरतो, कारण मागे पाणी तुंबून जास्त वेळ राहतं. पण आपल्याकडे खरा पडदा क्वचितच लावतात. हिरवी शेडनेट लावतात. तिच्या भोकांतून गाळ बिनदिक्कत जातो, ती फक्त शेजाऱ्यांना काहीतरी केल्याचं दाखवायला बरी. दुसरा जुगाड खतांची रिकामी पोती शिवून लावण्याचा. ज्या पोत्यांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो त्यांतून पाणी जातच नाही, मागे साठतं आणि पडदा आडवा होतो. थर नसलेली पोती एका पावसाळ्यापुरती चालतात, पुढच्या उन्हाळ्यात हातात घेतली की तुकडे पडतात आणि ते तुकडे तळ्यात जातात. अस्सल मालाला चार गुण, जुगाडाला शून्य. गाळ एक तृतीयांश उंचीवर आला की काढा, काम संपलं की पडदा गुंडाळून घरी न्या.

पाचट

ही वस्तू, म्हणजे उसाची वाळलेली पानं, विकत मिळत नाही, तरी सगळ्यांत जास्त गुण हिलाच. चिकणमाती एकदा पाण्यात उठली की तिला कुठलंही कापड अडवत नाही. तर ती उठूच न देणं हा एकच खात्रीचा उपाय आहे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हाच कण सुटतात. वर झाकण असलं की थेंबाची ताकद तिथेच संपते.

परदेशी पुस्तकांत यासाठी गव्हाचं काड सांगतात. आपल्याकडे ऊसतोडणीनंतर पाचट शेतातच पेटवतात. ते गोळा करून उघड्या उतारावर ५ सेंटिमीटर जाडीचा थर द्या, जमीन दिसता कामा नये. एकटं पाचट वाऱ्याने उडतं आणि तीव्र उतारावर घसरतं, म्हणून वरून काथ्याची जाळी किंवा नुसती सुतळी आडवी-तिडवी ताणून तारेच्या आकड्यांनी जमिनीला टाचा. त्यात हरळी टाकली तर दोन महिन्यांत गवत वर येतं. काथ्याची तयार विणलेली चटई विकत मिळते, ती तीव्र उतारासाठी चांगली आहे, पण सपाट-मध्यम उतारावर पाचट असताना तिच्यावर खर्च करायचं कारण नाही. चटई घेतलीच तर ती जमिनीला सगळीकडे टेकली पाहिजे. खाली पोकळी राहिली की पाणी चटईखालून वाहतं, वरून हिरवी दिसते आणि खालून माती जाते.

उसाच्या शेताच्या खालच्या बांधालाही हेच तत्त्व. बांधावर वाळ्याची एक ओळ, रोपांत १०-१५ सेंटिमीटर अंतर, मागे पाचटाची पट्टी. वाळा दाट व्हायला पहिलं वर्ष जातं, तोवर मधल्या फटी दगडाने नव्हे, पाचटानेच भरा.

मोजायची साधनं

इथे बाजार फसवा आहे. सगळ्यांत स्वस्त साधन सगळ्यांत उपयोगी निघतं.

खिशातलं टीडीएस पेन, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं, घ्या. तळ्यासाठी नव्हे, नाल्यासाठी. चार दिवस पाऊस नाही आणि तरी पावसाच्या पाण्याची म्हणून बांधलेली गटार वाहतेय, तर आत काय आहे हे ओळखायला ते लागतं. आपल्या नळाचं पाणी आधी मोजा, तो आकडा आधार धरा. घरगुती वापरातून बाहेर पडताना पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला साधारण १५० ते ३५० मिलिग्रॅमने वाढतात. गटारीचा आकडा आधारापेक्षा तेवढा वर असेल, आणि सकाळी सात ते नऊमध्ये धार वाढून दुपारी कमी होत असेल, तर कुणाची तरी ड्रेनेजलाइन पावसाच्या गटारीला जोडलेली आहे. एक अडचण: झऱ्याचं किंवा बोअरचं पाणीही जास्त क्षारांचं असू शकतं. म्हणून एकट्या पेनवर कुणाच्या दारात भांडायला जाऊ नका.

त्याच्या जोडीला मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अमोनियाचं किट. ताज्या सांडपाण्यात लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त अमोनिया सहज असतो, झऱ्याच्या पाण्यात जवळपास नसतो. हे किट ८ मिलिग्रॅमपर्यंतच रंग दाखवतं, तेव्हा नाल्याचं पाणी दहापट सौम्य करून घ्या: एक भाग नमुना, नऊ भाग बाटलीबंद पाणी, आलेला आकडा गुणिले दहा. पेन वर आणि अमोनियाही वर, तर सांडपाणी किंवा गोठा. पेन वर पण अमोनिया नाही, तर बहुधा जमिनीतलं पाणी. दोन्ही मिळून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पेन वरचेवर प्रमाण-द्रावणात तपासावं लागतं म्हणून कापला.

फॉस्फेटचं किट मात्र जपून. दोन बाटल्यांमधले थेंब टाकायचे, पाणी निळं होतं, निळेपणा तक्त्याशी जुळवायचा. सगळ्यांत मोठा घोळ एककाचा. मत्स्यालयाची किटं फॉस्फेट मोजतात, तळ्याचे निकष फॉस्फरसमध्ये असतात. किटच्या आकड्याला ३.०७ ने भागलं की फॉस्फरस मिळतो. बऱ्याच किटांची पहिली पायरी ०.२५ असते, म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम फॉस्फरस. आणि तळ्याचं दुखणं तर ०.०३ पासूनच सुरू होतं. तळ्याच्या पाण्यात किट ‘शून्य’ दाखवतं तेव्हा तळं स्वच्छ आहे असा अर्थ होत नाही. उलट, हिरव्यागार तळ्यातसुद्धा शून्य येऊ शकतं, कारण विरघळलेला फॉस्फरस शेवाळाने आधीच पोटात घातलेला असतो आणि किटला फक्त विरघळलेला दिसतो. तळ्यासाठी प्रयोगशाळेतून ‘एकूण फॉस्फरस’ करून घ्या. तो आकडा रिपोर्टवर कुठल्या एककात आहे तेही विचारून घ्या.

नाल्यावर आणि गोठ्याच्या पाटावर हेच किट कामाचं आहे. तिथे आकडे मोठे असतात. गढूळ पाणी आधी गाळणकागदातून गाळून घ्या, नाहीतर मातीचा पिवळा आणि किटचा निळा मिळून हिरवा दिसतो आणि तक्त्यात जुळत नाही. नळ्या भांड्यांच्या साबणाने धुऊ नका. साबणातलाच फॉस्फेट पुढच्या चाचणीत निघतो. त्याच पाण्याने तीनदा विसळा. दिलेल्या मिनिटालाच रंग वाचा, कारण नंतर तो बदलत राहतो. आणि एका बाटलीत आम्ल असतं: हातमोजे घाला, वापरलेलं पाणी वेगळ्या बाटलीत जमवा, तलावात ओतू नका.

पाण्यात मैल्याचे जिवाणू असले की काळ्या पडणाऱ्या एच-टू-एसच्या कुप्या शाळांना आणि मंडळांना नेहमी दाखवल्या जातात. पिण्याच्या पाण्यासाठी त्या उत्तम आहेत. नाल्याच्या पाण्यात त्या दरवेळी काळ्याच पडणार, त्यातून नवं काही कळत नाही.

पाणी किती पारदर्शक आहे ते मोजायची सेक्की तबकडी विकत घेऊ नका, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घ्या. २० सेंटिमीटर व्यासाचा पत्रा, चार चतकोर आलटून-पालटून काळे-पांढरे, मधोमध दोरी, खाली वजन. दोरी न ताणणारी हवी, दर १० सेंटिमीटरला खूण. सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी होते ती खोली बघायची. दोन मीटरच्या आत दिसेनाशी झाली तर तळ्यात पोषकद्रव्यं जास्त आहेत. पावसाळ्यात मात्र पाणी मातीनेच गढूळ असतं, तेव्हाच्या आकड्याला शेवाळाशी जोडू नका. नोव्हेंबर ते मे हाच तिचा मोसम.

तळ्यात टाकायच्या वस्तू

जिवाणूंची पावडर, ‘बायो-कल्चर’, अमुक लिटरला तमुक ग्रॅम. दावा असा की नाल्यात टाकली की पाणी आपोआप शुद्ध. जिवाणूंनी कार्बन खाल्ला तर तो वायू होऊन जातो, नायट्रोजनही वायू होऊन जाऊ शकतो. फॉस्फरसचा वायू होत नाही. तो जिवाणूच्या शरीरात गेला तरी जिवाणू मेल्यावर पुन्हा पाण्यातच. शिवाय ओढ्यातलं पाणी काही मिनिटांत तळ्यात पोचतं आणि जिवाणूंना वाढायला तास लागतात. बंद टाकीत, सेप्टिक टँकमध्ये या पावडरीला थोडाफार अर्थ असेल. वाहत्या नाल्यात टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शून्य.

कारंजी आणि हवा सोडणारे पंप ऑक्सिजन देतात, मासे मरायच्या बेतात असतील तेव्हा उपयोगी. उथळ तळ्यात ते तळाचा गाळ ढवळून काढतात आणि गाळातला फॉस्फरस वर आणतात.

तरंगत्या बेटांवर कर्दळ आणि वाळा लावून पाणी शुद्ध करायची कल्पना चुकीची नाही, आकार चुकीचा असतो. दहा-वीस बेटं एवढ्या मोठ्या तलावाला पुरत नाहीत. आणि झाडांनी शोषलेलं जोवर कापून काठाबाहेर नेत नाही तोवर ते वाळून पुन्हा पाण्यातच पडतं. केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचंही तसंच. नुसतं ओढून काठावर टाकलेलं केंदाळ तिथेच कुजतं आणि त्याचा रस परत तळ्यात जातो.

गोठ्याचा हिशेब

कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी हे एकदा मांडून बघा. एक म्हैस दिवसाला १५ किलो शेण देते असं धरलं, आणि ओल्या शेणात स्फुरद, खताच्या पिशवीवर लिहितात त्या मापात (म्हणजे फॉस्फरसचा ऑक्साइड, P₂O₅), ०.१५ टक्का धरला, तर शुद्ध फॉस्फरस दिवसाला साधारण १० ग्रॅम पडतो. दहा म्हशींचा गोठा पाणी मारून ओढ्यात सोडला तर दिवसाला १०० ग्रॅम, वर्षाला ३६ किलो. त्यातला अगदी पाव भाग तळ्यापर्यंत पोचला तरी चार-साडेचार टन ओल्या शेवाळाची सोय झाली. हे काथ्याचा लोड थांबवू शकत नाही, पाचटही नाही.

इथे खर्च एका टाकीचा आहे. शेण कोरडंच फावड्याने उचलायचं, ही पहिली आणि फुकटची पायरी. पाणी मारायचं ते शेण उचलल्यावर. ते पाणी आधी अर्ध्या घनमीटरच्या टाकीत, जिथे जाड माल खाली बसेल, आणि तिथून पाइपने गजराजगवताला किंवा उसाला. टाकीची बाहेर पडणारी नळी तळाशी नको, वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर खाली हवी आणि तिला टी लावून तोंड पाण्याच्या पृष्ठाखाली ठेवा, म्हणजे वर तरंगणारं काड अडकत नाही. टाकी आठवड्याला उपसली नाही तर ती नुसता रस्त्यातला थांबा होते. गोठेवाल्याला दंडाची भीती घालण्यापेक्षा खताचा हिशेब दाखवा. डीएपीच्या पोत्याचा भाव त्याला पाठ असतो.

घ्यायचं कुठल्या क्रमाने

सोसायटीकडे पैसे थोडे असतील तर आधी टीडीएस पेन आणि अमोनियाचं किट, कारण सांडपाण्याची जोडणी सापडली तर बाकी खरेदी पुढे ढकलता येते. मग पाचट आणि सुतळी. मग चालू बांधकामांच्या खालच्या कडेला पडदा. हा खर्च बांधणाऱ्याकडूनच करून घ्या. लोड शेवटी, आणि तेही रस्त्याच्या कच्च्या गटारींपुरते.

वेळ चुकवू नका. कोल्हापुरात पहिलं घाण पाणी मृगात येत नाही, वळवात येतं. सहा महिन्यांची धूळ, तेल, शेण आणि रस्त्यावरची माती एप्रिल-मेच्या एखाद्या गारांच्या पावसात तासाभरात खाली उतरते. केरळ-तमिळनाडूहून माल यायला वेळ लागतो, म्हणून लोडांची ऑर्डर फेब्रुवारीत द्या, बसवायचं काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपवा. भाडं मालाइतकंच बसू शकतं, तेव्हा शेजारच्या दोन-तीन सोसायट्या मिळून एक गाडी मागवा. माल उतरवताना प्रत्येक लोड काट्यावर चढवा आणि पावतीवर मीटरऐवजी किलो लिहून घ्या.